दहा डॉलरची वही

दिवाळीच्या आधी दरवर्षी माळा साफ करायचा आणि निम्म्या वस्तू पुन्हा माळ्यावरच ठेवायच्या, हा आमच्या घरचा जुना रिवाज. (घरच्या मंडळींनी हसू नये. तुमच्याकडेही हेच चालतं, मला ठाऊक आहे.) यंदा त्यात एक पिवळ्या कव्हरची, स्पायरल बाइंडिंगची छोटी वही सापडली. वही म्हणजे अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेची डिरेक्टरी, साल २०१०-११. आत सगळ्या मुलांची नावं, इयत्ता, आईवडिलांची नावं, पत्ते आणि फोन नंबर. दुसरीच्या पानावर माझ्या नातीचं नाव. तेवढ्यासाठीच मी ती परत येताना हौसेने बॅगेत टाकली होती, हे आठवलं.

वही हातात घेऊन शिडीवरच बसले. खालून हाक आली, "अगं, पडशील!" पण ती वही एवढी साधी नव्हती. तिच्यामागे एक मोठा इतिहास आहे आणि तो शोधायला मला न्यू जर्सीतल्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयात पूर्ण एक हिवाळा मिळाला होता. बाहेर बर्फ, घरी दिवसभर कोणी नाही, आणि मी निवृत्त इतिहास शिक्षिका. दुसरं करणार काय! इंग्रजी माझं बेताचंच. बी.ए. मराठी माध्यमातून झालं, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचे. तिथल्या ग्रंथपाल बाई इतक्या चांगल्या की दुसऱ्या आठवड्यापासून माझ्यासाठी पुस्तकं आधीच काढून ठेवायला लागल्या.

तर मंडळी, सुरुवात झाली एका कागदावरून. सप्टेंबरमध्ये तिथली शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात नातीच्या दप्तरातून कागदांचा एक गठ्ठा घरी आला. त्यात एक गुलाबी फॉर्म होता, पालक-शिक्षक संघाचा. तिकडे त्याला पीटीए म्हणतात. कुटुंबामागे वर्गणी १० डॉलर. सभासद झालात तर शाळेची डिरेक्टरी मिळेल. खाली दोन छोट्या चौकटी होत्या, 'आमचा पत्ता छापू नये' आणि 'आमचा फोन छापू नये'.

जावयांनी फॉर्म पाहिला आणि म्हणाले, "सरकारी शाळा फुकट, आणि एका वहीला दहा डॉलर?" पैशांचा प्रश्न नव्हता, त्यांचा प्रश्न तत्त्वाचा होता. (जावयांचे सगळेच प्रश्न तत्त्वाचे असतात.) लेक मात्र चेक लिहायला बसली. "मागच्या वर्षी नाही भरले ते आठवतं ना? वर्षभरात एकाही वाढदिवसाला बोलावणं आलं नाही तिला."

मला काही कळेना. वर्गणीचा आणि वाढदिवसाचा काय संबंध? मग तिने समजावलं. त्या शाळेचा नियम असा की वाढदिवसाची आमंत्रणं वर्गात वाटायची तर सगळ्या वर्गाला वाटायची, निवडक मुलांना वाटायची नाहीत. ज्यांना बोलावलं नाही ती हिरमुसतात म्हणून. नियम चांगलाच. पण आठ-दहा मुलांना बोलवायचं असेल तर आमंत्रण घरी पाठवावं लागतं, आणि त्यासाठी पत्ता हवा. शाळेच्या ऑफिसात विचारलं तर ते देत नाहीत. म्हणजे पत्ता फक्त त्या वहीत, आणि त्या शाळेत फॉर्म न भरणाऱ्यांचं नावच वहीत यायचं नाही. काही शाळांत सगळ्या मुलांची नावं छापतात पण वही मात्र सभासदांनाच देतात. पद्धत कुठलीही असो, तिथे घरं एकमेकांपासून दूर, जिन्यात गाठ पडणं नाही, संध्याकाळी अंगणात खेळणारी मुलं नाहीत. दुसरीतल्या पोरीची दुनिया त्या वहीतून सुरू व्हायची.

आता इतिहास. ज्यांना कंटाळा आहे त्यांनी थोडं पुढे जावं, पण मग परीक्षेत आलं तर मला सांगू नये!

अमेरिकेतल्या या संघाचा जन्म १७ फेब्रुवारी १८९७ चा, वॉशिंग्टन शहरातला. तेव्हा त्याचं नाव होतं 'नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स', म्हणजे मातांची राष्ट्रीय परिषद. ॲलिस मॅक्लेलन बर्नी या जॉर्जिया राज्यातल्या बाईंची ही कल्पना. बालवाडीची चळवळ तेव्हा जोरात होती, फ्रोबेलच्या विचारांचा प्रभाव होता, आणि बर्नीबाईंना वाटलं की आयांनी एकत्र येऊन मुलांच्या वाढीचा विचार करायला हवा. पैसा आणि ओळखीपाळखी होत्या फीबी हर्स्ट यांच्याकडे. सिनेटर जॉर्ज हर्स्ट यांच्या त्या पत्नी आणि वृत्तपत्रांचे सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या आई. शे-दोनशे बायका येतील असा अंदाज होता. आल्या दोन हजारांच्या आसपास, आणि त्यांत काही पुरुषही होते.

मला इतिहास शिकवताना एक सवय होती, जगातली कुठलीही सनावळी आली की 'तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?' असा प्रश्न मुलांना टाकायची. १८९७ म्हणजे पुण्यात प्लेगचं थैमान. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या ते हेच वर्ष. आणि अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम आदल्याच वर्षी सुरू झालेला. कुठे ती परिषद आणि कुठे आपले ते दिवस! पण बाईने घराबाहेर पडून मुलांच्या शिक्षणाचं बोलावं, ही गोष्ट दोन्हीकडे तेव्हाच उगवत होती, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

१९०८ साली नावात 'पालक-शिक्षक संघ' हे शब्द आले आणि १९२४ मध्ये 'मदर्स' हा शब्द गेला. या संघाने कामं केली ती काही लहान नव्हेत. बालवाड्या, बालकामगारांविरुद्धचे कायदे, मुलांसाठी वेगळी न्यायालयं, शाळेत गरम जेवण. १९५४ मध्ये पोलिओच्या साल्क लशीची मोठी चाचणी झाली, तिच्यात अठरा लाखांच्या आसपास मुलं सहभागी होती. पालकांपर्यंत पोचण्याच्या कामी शाळाशाळांतले हे संघ उपयोगी पडले. त्या वेळच्या फॉर्मची एक गंमत वाचली. त्यात पालकांनी 'मी परवानगी देतो' असं लिहायचं नव्हतं, 'मी विनंती करतो' असं लिहायचं होतं. म्हणजे लस टोचून घेणं हा उपकार कुणाचा कुणावर, ते एका शब्दाने फिरवून टाकलं. फॉर्म तयार करणाऱ्या माणसाला कमी समजू नये!

पण या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या. मग पालकांचे संघही वेगळे. अटलांटा शहरात सेलेना स्लोन बटलर नावाच्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या, स्वतः शिक्षिका, नवरा डॉक्टर. मुलाला बालवाडीत घालायचं तर वस्तीत बालवाडीच नाही. त्यांनी स्वतःच्या घराच्या दिवाणखान्यात सुरू केली. मुलगा पुढे यंग स्ट्रीट शाळेत गेला, तर तिथे १९११ साली त्यांनी पालक-शिक्षक संघ काढला. पुढे १९२६ मध्ये कृष्णवर्णीय पालक-शिक्षकांची वेगळी राष्ट्रीय संघटना उभी केली. दोन्ही संघटना एक झाल्या त्या थेट १९७० साली. बटलरबाई १९६४ मध्येच वारल्या होत्या. आता बर्नी आणि हर्स्ट यांच्या जोडीला बटलरबाईंचंही नाव संस्थापक म्हणून घेतलं जातं. चांगलंच आहे, पण त्यांनी ते ऐकायला हवं होतं.

एकत्र येण्याच्या सुमारालाच सभासदसंख्येला मात्र गळती लागली. रॉबर्ट पटनम या अभ्यासकाचं 'बोलिंग अलोन' नावाचं गाजलेलं पुस्तक आहे, २००० सालचं. माणसं संस्था-संघटना सोडून एकेकटी कशी होत गेली याचा त्यात हिशेब आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पीटीएचे सभासद होते १ कोटी २० लाखांच्या आसपास. १९८२ मध्ये उरले ५० लाख. आया नोकरीला लागल्या, हे एक. वर्गणीचा हिस्सा राज्याच्या आणि राष्ट्रीय संघटनेला पाठवावा लागतो, तो बऱ्याच शाळांना नकोसा झाला, हे दुसरं. अशा शाळांनी मोठ्या संघटनेतून बाहेर पडून आपले स्वतंत्र संघ काढले. त्यांना पीटीओ म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला शेवटच्या एका अक्षराचा फरक.

हा वर्गणीचा हिशेब मला लेकीच्या एका मैत्रिणीने समजावला, ती त्या संघाची खजिनदार होती. वर्गणी किती ते स्थानिक संघाने ठरवायचं, त्यातून ठरलेला भाग वर जातो, उरलेला शाळेपाशी. मुळात वर्गणीतून फारसं काही उरत नाही, खरा पैसा येतो केक विकून आणि जत्रा भरवून. मग लोकांनी सभासद का व्हावं? म्हणून ही वही! मी तिला म्हटलं, "म्हणजे वही हे आमिष." ती हसली आणि म्हणाली, "मावशी, वही नसती तर निम्मे लोक सभासद झाले नसते."

हे उत्तर ऐकून मी गप्प बसले. का, ते पुढे येईलच.

नाव-पत्त्यांच्या यादीची गोष्ट निघाली आहे तर एक छोटं विषयांतर. जगातली पहिली टेलिफोन डिरेक्टरी अमेरिकेतच, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी फेब्रुवारी १८७८ मध्ये निघाली. एकच कागद, त्यावर पन्नास नावं आणि नंबर एकही नाही! ऑपरेटरला नाव सांगायचं, तो जोडून द्यायचा. पुढे नंबर आले, जाडजूड पुस्तकं आली, आणि मग अशीही माणसं निघाली की ज्यांना पुस्तकात नाव नको होतं. तर टेलिफोन कंपन्या त्यांच्याकडून दर महिन्याला जास्तीचे पैसे घेऊ लागल्या. शाळेच्या वहीत नाव येण्यासाठी पैसे आणि टेलिफोनच्या वहीत नाव न येण्यासाठीही पैसे. व्यापारी लोकांपुढे हात टेकले.

आता त्या दोन चौकटींकडे वळते. त्या आल्या कुठून? तर १९७४ सालच्या एका कायद्यातून. त्याला थोडक्यात 'फर्पा' म्हणतात. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकले यांनी तो आणला. २१ ऑगस्ट १९७४ रोजी अध्यक्ष फोर्ड यांची सही झाली. निक्सन वॉटरगेटमुळे पायउतार होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. सरकारने कुणाकुणाची माहिती गुपचूप गोळा केली होती, याच्याच चर्चा घराघरात. शाळाही त्यातून सुटल्या नव्हत्या. मुलांच्या फायलीत शिक्षक काहीबाही शेरे लिहीत आणि आईवडिलांनी ती फाईल मागितली तर मिळत नसे. कायद्याने दोन गोष्टी केल्या. पालकांना आपल्या मुलाची फाईल बघण्याचा हक्क दिला, आणि पालकांच्या संमतीशिवाय ती दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही असं शाळांना बजावलं. केंद्राचा पैसा घेणाऱ्या सगळ्या शाळांना तो लागू.

मात्र एक खिडकी उघडी ठेवली. तिचं नाव 'डिरेक्टरी इन्फर्मेशन'. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, जन्मठिकाण, कोणत्या खेळात भाग घेतला, कोणती बक्षिसं मिळाली, अशी माहिती शाळा संमती न घेताही देऊ शकते. तिच्यात खेळाडूंची उंची आणि वजनसुद्धा आहे! सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत छापायला लागतं ना, म्हणून. पण अट अशी की शाळेने पालकांना आधी जाहीर कळवायचं आणि 'आमच्या मुलाची माहिती देऊ नका' असं सांगायला पुरेसा वेळ द्यायचा. 'देऊ शकते' म्हणजे 'दिलीच पाहिजे' असंही नाही. त्यामुळे काही शाळा हात आखडता घेतात आणि पत्ते गोळा करण्याचं काम पीटीएवर सोडतात. पीटीए ही शाळेहून निराळी, खाजगी संस्था. तिला हा कायदा थेट लागत नाही, म्हणून ती आपला फॉर्म काढते आणि त्यावर या दोन चौकटी छापते.

खिडकी एकदा उघडी ठेवली की तिच्यातून कोण डोकावेल याचा नेम नसतो. जानेवारी २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी ज्या मोठ्या शिक्षण कायद्यावर सही केली, त्यात एक कलम होतं. सैन्यभरतीच्या अधिकाऱ्यांनी मागितले तर हायस्कुलांनी मुलांची नावं, पत्ते, फोन द्यायचे, पालकांनी लेखी नकार दिला नसेल तर. इराकचं युद्ध सुरू झाल्यावर अनेक आयांना हे कलम कळलं, ते भरतीवाल्यांचा फोन घरी आला तेव्हा. पुढे २०११ च्या डिसेंबरमध्ये नियम बदलले आणि कुणाला आणि कशासाठी माहिती द्यायची याची मर्यादा शाळांना घालता येऊ लागली. म्हणजे पीटीएला द्यायची पण दुकानदाराला द्यायची नाही, असं आधीच ठरवता येतं.

इथपर्यंत वाचून झालं त्या दिवशी वाचनालयातून घरी आले आणि जेवले नाही. लेकीला वाटलं बरं नाही. बरं होतं. मला १९८८ साल आठवत होतं.

आमच्या शाळेत, तालुक्याच्या गावी, पालक-शिक्षक संघ होता पण नावापुरता. वर्षातून एक सभा, चहा, आणि मुख्याध्यापकांचं भाषण. त्या वर्षी मी संघाची चिटणीस झाले. नवा उत्साह! वर्गणी ठेवली ५ रुपये. कोणी देईना. तेव्हा मीच युक्ती काढली की जे वर्गणी देतील त्यांच्या नाव-पत्त्यांची एक सूची छापायची आणि सभासदांना वाटायची. कोणाचा मुलगा आजारी पडला तर अभ्यास कुणाकडून घ्यायचा ते कळेल, पालक एकमेकांना ओळखतील. हेतूत काही खोट नव्हती. आणि वर्गणी जमली! स्टेन्सिल मी स्वतः कापली, शाळेच्या सायक्लोस्टाइल मशीनवर शिपाईमामांनी १८० प्रती काढल्या. फोन फारच थोड्या घरी. बाकीच्यांचे शेजाऱ्यांचे नंबर, पुढे कंसात पी.पी. नव्या पिढीला पी.पी. म्हणजे काय ते माहीत नसेल. शेजारच्यांकडे फोन करायचा आणि 'जरा अमक्याला बोलवता का?' म्हणायचं. ती सूची बघून मला जो आनंद झाला तो आजही आठवतो.

आठवीत एक मुलगी होती. जूनमध्येच दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली, हुशार, अबोल. तिची आई पैसे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, वर्गणी घ्या, पण आमचं नाव नाही घातलं तर चालेल का?" मला वाटलं भावाच्या घरी राहते, त्याचा पत्ता द्यायला संकोच वाटतोय. मी म्हटलं, "असं कसं? सगळ्यांची नावं आहेत. लाजायचं काय त्यात?" ती आणखी काही बोलली नाही. मी नाव घातलं.

मला माहीत नव्हतं, विचारलंही नव्हतं, की ती नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघून आली होती आणि ती कुठे आहे हे त्याला कळू नये म्हणूनच इतक्या लांब, चुलतभावाकडे राहिली होती. सूची कुणाकडून कुणाकडे गेली, देव जाणे. एका पालकाचे नातलग त्याच गावचे होते एवढंच नंतर कळलं. नोव्हेंबरमध्ये तो दारात उभा राहिला. वाड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येत राहिला. चौथ्या दिवशी भावजयीने सांगितलं की आमच्याही घरी वयात आलेल्या मुली आहेत.

ती दाखला न्यायला शाळेत आली. सहामाही नुकतीच संपलेली. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण 'पालकांच्या विनंतीवरून' असं कारकुनाने लिहिलं. माझ्याकडे वळून तिने एवढंच विचारलं, "बाई, त्या कागदाच्या आणखी किती प्रती शिल्लक आहेत?" मी कपाट उघडून मोजल्या. अकरा होत्या. ती म्हणाली, "त्यावरचं तरी खोडा." आणि मुलीला घेऊन गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. तेव्हा मात्र विचारायचं नाही एवढं कळलं होतं.

त्या रात्री मी घरी बसून अकरा प्रतींवरची ती ओळ काळ्या शाईने खोडली. बाहेर गेलेल्या १६९ प्रतींचं काय करणार होते?

हे मी न्यू जर्सीतल्या त्या स्वयंपाकघरात लेकीला पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला आठवतंय. मी पाचवीत होते. तू कंदिलाशी बसून खोडत होतीस, लाइट गेले होते. मी विचारलं तर म्हणालीस, चुकीचं छापलंय." लाइट गेले होते हे मी विसरले होते.

फर्पाचा कायदा तेव्हा चौदा वर्षांचा झालेला, पण तो अमेरिकेत. आमच्या शाळेला चौकटी माहीत नव्हत्या. अर्थात कायदा असता म्हणून सगळं टळलं असतं असंही नाही. त्या अमेरिकन कायद्यातसुद्धा वेगळ्या राहणाऱ्या बापाला मुलीची फाईल बघण्याचा हक्क असतोच, कोर्टाचा तसा मनाईहुकूम नसेल तर. पण फाईल बघायला आधी शाळा कुठली ते माहीत असावं लागतं. त्याला ते सांगितलं माझ्या सूचीने. आणि मला कायदा नव्हता तरी तोंड होतं, 'का हो, नाव का नको?' असं बाजूला घेऊन विचारता आलं असतं. किंवा न विचारता नाव गाळता आलं असतं, ते अधिक बरं. फॉर्मवरच्या चौकटीचं मला हेच आवडलं. तिथे टिक करायची, कारण द्यावं लागत नाही.

आपल्याकडे आता पालक-शिक्षक संघाला वजन आलं आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खाजगी शाळांची फी ठरवण्यात या संघाच्या कार्यकारी समितीला स्थान दिलं, तो अमलात आला २०१४ मध्ये. तिथे सभासद व्हायचं की नाही असा प्रश्नच नाही, मूल शाळेत म्हणजे पालक सभासद. समितीवर कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका. हे सगळं चांगलं आहे. पण नाव-पत्त्यांचं काय? दहावीच्या मुलांची नावं आणि नंबर क्लासवाल्यांकडे कसे पोचतात, हे दहावीतल्या मुलाच्या कुठल्याही आईला विचारा. निकाल लागायच्या आत सहा फोन! २०२३ मध्ये केंद्राने डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागेल असं आहे. आणि इकडे माझ्या भाचीच्या मुलाच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वर्गणी नाही, वही नाही, शाळा सुरू झाली की सगळे आपोआप आत. साठ पालकांचे साठ नंबर साठ जणांना दिसतात. मी भाचीला विचारलं, "एखादीला नको असेल तर?" ती म्हणाली, "मावशी, मग गृहपाठ कसा कळणार?" पंधरा वर्षांपूर्वी लेकीनेही वाढदिवसाबद्दल असंच विचारलं होतं. अमेरिकेतही आता बऱ्याच शाळांत वही गेली आणि मोबाइलवरचं ॲप आलं, असं लेक सांगते. दहा डॉलरचे आता किती झाले ते मी विचारलं नाही.

असो. त्या गुलाबी फॉर्मचं काय झालं, ते राहिलंच. लेकीने पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू भर." मी फोन छापायला दिला, पत्त्यापुढे 'नको' अशी टिक केली. ज्यांना बोलवायचंय ते फोन करतील. त्या वर्षी नातीला चार वाढदिवसांची बोलावणी आली. एकीत ती पडली आणि गुडघा फोडून घेतला.

आता ही वही समोर आहे. तीनशेच्या वर कुटुंबं, बऱ्याच जणांनी घरं बदलली असतील, मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली असतील. तरीही उद्या रद्दीवाला येणार आहे आणि मी त्याच्या गठ्ठ्यातून ती बाजूला काढली आहे. नातीचं पान तेवढं फाडून ठेवीन म्हणते, पण त्या पानावर आणखी एकवीस मुलांची नावं आहेत. बादलीत पाणी काढून ठेवलंय. रात्रभर भिजली की सकाळी लगदा होईल, तो मागच्या तगरीच्या आळ्यात घालीन.